शिकाऊ माणसाला जुनी स्की

आमच्या युनिव्हर्सिटीत खेळाचं सामान भाड्यानं देणारं एक दुकान होतं, व्यायामशाळेच्या तळघरात. उन्हाळ्यात तंबू आणि होड्या, हिवाळ्यात स्की आणि स्नोबोर्ड. २००१ मध्ये मी मेकॅनिकलचं एम.एस. करायला मिनेसोटात आले आणि दुसऱ्या हिवाळ्यात मला तिथं काम मिळालं. लायब्ररी आणि कॅफेटेरियातल्या जागा आपल्या मुलांनी बॅचमागून बॅच एकमेकांना दिल्या होत्या. या तळघरात जाऊन विचारायचं मात्र कुणाच्या मनात आलं नव्हतं.

दुकानाचा मॅनेजर उंचापुरा, पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. त्यानं विचारलं, "स्की करतेस का?"

मी म्हटलं, "नाही. बर्फच मागच्या वर्षी पहिल्यांदा पाहिला."

"स्क्रूड्रायव्हर धरता येतो?"

"इंजिन उघडून परत बसवता येतं."

त्यानं दुसऱ्या दिवसापासून यायला सांगितलं. मी थाप मारलेली नव्हती. माझे वडील सावद्याला केळीचे ट्रक भरणाऱ्या टोळीचे मुकादम. ट्रक बंद पडला की टोळी बसून राहायची, त्यामुळे ट्रक उघडलेला मी लहानपणापासून पाहत आले. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुठेही सांगते, आणि सांगताना आवाज खाली आणत नाही.

दुकानात दोन भिंतींना दोन मांडण्या होत्या. डावीकडे जुन्या स्की: लांब, सरळ, सुताराच्या पट्टीसारख्या. हात वर करून मनगटापर्यंत येईल ती आपली, असं त्यांचं माप. उजवीकडे नव्या: हनुवटीपर्यंतच येणाऱ्या, दोन्ही टोकांना रुंद आणि मध्ये बारीक, लांब ताणलेल्या डमरूसारख्या. नियम असा होता की नवशिक्याला डावीकडची द्यायची आणि मुरलेल्याला उजवीकडची. नवशिका पडणार, घासणार, दगडावर नेणार, आणि त्याला फरक तरी काय कळणार?

मला या नियमात काही खटकलं नाही. आमच्याकडे दुसरं काय होतं? सायकल शिकायची ती मोठ्यांच्या सायकलवर, दांडीखालून पाय घालून, वाकडं होऊन. गणवेश चुलतभावाचा. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला वर्कशॉपमधलं सगळ्यात खिळखिळं लेथ. शिकणाऱ्याला जुनं आणि शिकलेल्याला नवं, हे इतकं अंगवळणी पडलेलं होतं की अमेरिकेतही तेच दिसल्यावर मला उलट घरच्यासारखं वाटलं.

काम मात्र मी मन लावून शिकले. स्कीवर बूट धरून ठेवणारा एक खटका असतो, त्याला बाइंडिंग म्हणतात. माणूस चालवत असताना तो सुटता कामा नये, आणि पडला की सुटलाच पाहिजे, नाहीतर गुडघा पिळला जातो. वजन, उंची, वय, बुटाची लांबी आणि माणूस कितपत तरबेज आहे, यावरून तो किती घट्ट ठेवायचा ते ठरतं. हे माझ्या हाताला असं बसलं की गर्दीच्या शनिवारी मॅनेजर स्वतः काउंटरवर उभा राहायचा आणि मला मागच्या टेबलावर बसवायचा. दुकानातल्या बाकीच्या मुलांना चालता यायच्या आधी स्की करता येत होती, पण खटक्याला हात लावण्याआधी ती मला विचारायची.

जानेवारीत एका लाँग वीकेंडला आपली मुलं आली. पुढारी होता आमच्या खालच्या अपार्टमेंटमध्ये राहणारा नागपूरचा मुलगा, सिव्हिलचा. पीठ संपलं की आमच्याकडे येणारा आणि भांडं परत न करणारा.

"वजन?" मी विचारलं.

"चौसष्ट किलो."

"पाउंडात सांग."

"तूच कर न गुणाकार. मेकॅनिकलवाली आहेस न."

"स्की कितपत येते? पहिला प्रकार नवशिका, तिसरा एकदम तरबेज."

"दुसरा लिही. पहिला म्हणजे फारच पडेल वाटतं."

"पहिलाच लिहिते. उगाच दुसरा लिहिला तर पडल्यावर बूट सुटायचा नाही."

"काय बोलून राहिली तू यार, एचओडीसारखी." मग त्याची नजर डाव्या भिंतीवर गेली. "भाडं सगळ्यांचं सारखंच न? मग ती लांबवाली दे. सगळ्यात लांब."

मागे उभे असलेले बाकीचेही लांबवालीच मागू लागले. त्याच भाड्यात जास्त माल मिळत असताना कमी घेणारा माणूस आपल्यात अजून जन्मायचा आहे. मी कुणालाही मनगटाच्या वर जाऊ दिलं नाही, पण नियमाप्रमाणे दिल्या त्या जुन्याच.

रविवारी संध्याकाळी सगळे परत आले. कुणी लंगडत होता, कुणाचं मनगट सुजलं होतं. नागपूरवाल्यानं स्की काउंटरवर ठेवल्या आणि तो बाकावर बसला.

"वळतच नाही यार. सरळ जाते. थांबायचं तर पडायचं, दुसरा उपायच नाही."

"सगळे पडतात पहिल्यांदा," मी म्हटलं.

"तसं नाही. लहान लहान पोरं आमच्या बाजूनं सुर्रकन जात होती. हा आपला खेळच नाही. आपली बॉडीच यासाठी नाही. गोऱ्यांचे पाय वेगळे असतात, लिहून घे."

बाकीचे हसले. सगळ्यांना ते पटलं होतं आणि पटल्यामुळे बरंही वाटत होतं. मला बरं वाटलं नाही.

हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. बारावीनंतर मी मेकॅनिकल घेतलं तेव्हा वडिलांचे एक नातलग ओट्यावर बसून म्हणाले होते, "आपल्या घरातल्यांचं डोकं गणिताला चालत नसतं. पोरीला उगाच त्रास." पहिल्या सेमिस्टरला मॅथ्समध्ये मी गटांगळी खाल्ली, तेव्हा मला वाटलं, काका बरोबरच बोलले. पुढे होस्टेलवर कळलं की बाकीच्या मुलींकडे पुण्याच्या क्लासच्या नोट्स होत्या. डोक्यात काहीच फरक नव्हता. त्या नोट्सच्या झेरॉक्स मिळाल्या आणि मी पास झाले, चांगली पास झाले. तेव्हापासून 'आपलं काम नाही' असं कुणी म्हणालं की मी आधी हातात काय दिलं होतं ते बघते.

म्हणून मला आता एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. दोष पायांचा की स्कीचा?

फेब्रुवारीत मॅनेजरनं दुकानातल्या सगळ्यांना बोलावलं. जुन्या बाइंडिंगची जबाबदारी घ्यायचं कंपन्यांनी थांबवलं होतं, त्यामुळे पुढच्या हिवाळ्यात ती भाड्यानं देता येणार नव्हती. दोन रस्ते होते. एक, जुन्या स्कीवर नवी बाइंडिंग बसवायची, त्या आणखी काही वर्षं नवशिक्यांसाठी चालवायच्या, आणि उरलेल्या पैशात मुरलेल्यांसाठी भारी नव्या स्की घ्यायच्या. दुसरा, जुन्या सगळ्या काढून टाकायच्या आणि नवशिक्यांसाठी आखूड नव्या घ्यायच्या. मग मुरलेल्यांना आहे त्यावर भागवावं लागणार होतं.

सगळ्यांनी पहिल्या रस्त्याला मान डोलावली. मॅनेजरचं मतही तेच होतं. तो म्हणाला, "मी लांब स्कीवरच शिकलो. अवघडावर शिकलेला माणूस पक्का होतो."

दुकानात एक मुलगी होती, ईडन प्रेरी नावाच्या जवळच्या उपनगरात वाढलेली, आई-वडील पुण्याचे. एकाच फळीवर आडवं उभं राहून चालवायचा तो स्नोबोर्ड ती करायची. मला ताई म्हणायची आणि पुढचं सगळं इंग्रजीत बोलायची. बोर्डाचा विषय निघाल्यावर ती म्हणाली की पायाने दाबून बसणारी नवी बाइंडिंग भंगार आहेत, जुने पट्टेच बरे. मी तिच्या बाजूनं बोलले. नव्या खटक्यात बर्फ भरतो आणि तो बसत नाही, हे मी टेबलावर रोज खरवडून काढत होते. पट्टे ठेवायचं ठरलं. म्हणजे मी नव्याची भक्त नव्हते, हे मॅनेजरनंही पाहिलं.

मग मी म्हटलं, "स्कीचं आज ठरवू नका."

"का?"

"इथं कुणाला आठवतं का, आपल्याला स्की येत नव्हती तेव्हा कसं वाटायचं?"

मग एक मुलगा म्हणाला, "तीन वर्षांचा होतो मी."

"म्हणून तुम्हाला सांगता येणार नाही. तुम्हाला पाट दिला तरी तुम्ही वळवाल. नवशिक्याला कोणती सोपी ते नवशिकाच सांगणार. दुकानात तशी मी एकटी आहे."

माझं हे वाक्य ऐकून हशा पिकला. येत नाही हेच क्वालिफिकेशन म्हणून पुढे करणारी बाई त्यांनी पाहिली नव्हती. मॅनेजर हसला नाही. त्यानं विचारलं, "सोमवारी टेकडी रिकामी असते. येशील?"

"येईन. पण मी एकटी पुरणार नाही."

मुद्दा साधा होता. मी सकाळी एक प्रकार आणि दुपारी दुसरा वापरला, तर दुपारचा आपोआप सोपा वाटणार, कारण तोवर मी थोडी शिकलेली असणार. म्हणून माणसं दोन हवीत. एकानं जुनीपासून सुरुवात करायची आणि दुसऱ्यानं नवीपासून, आणि दुपारी अदलाबदल. मॅनेजरला हे पटलं. दुसरा माणूस कोण, ते मी आधीच ठरवून ठेवलं होतं.

"मी परत जाणार नाही तिकडे," नागपूरवाला म्हणाला. "सांगितलं न, आपली बॉडी..."

"तेच तपासायचंय. तू बरोबर निघालास तर मी सगळ्यांसमोर मान्य करीन."

"म्हणजे मी प्रयोगातला उंदीर."

"हो."

"जेवण?"

"अंडाकरी. आणि भांडं तूच धुवायचं."

त्या सोमवारी ऊन होतं आणि थंडी अशी की नाकातला श्वास टोचत होता. शहराबाहेरची छोटी टेकडी, शिकाऊंसाठी एक बेताचा उतार, बाजूनं वर ओढून नेणारा सरकता दोर. मी नव्या स्की चढवल्या, नागपूरवाल्यानं जुन्या. मॅनेजर खाली कॉफीचा मग घेऊन उभा राहिला. ईडन प्रेरीवाली आमची मास्तरीण. पण मी तिला बजावून ठेवलं होतं की दोघांना अगदी तेच सांगायचं, एका शब्दानं कमी-जास्त नाही.

"ताई, पिझ्झा," ती म्हणाली. म्हणजे स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब, पिझ्झ्याच्या तुकड्यासारखी. "अँड डोन्ट लुक ॲट युअर फीट."

मी पायांकडेच बघत होते. दोर धरताना पडले, सोडताना पडले, आणि पहिल्या उतरणीत बाजूच्या जाळीत जाऊन बसले. नागपूरवाला माझ्या पुढून बसल्या बसल्या घसरत गेला आणि जाता जाता म्हणाला, "पाय वेगळे असतात."

पण थोड्या वेळानं एक गोष्ट माझ्या लक्षात आली. उजव्या पायावर जरा भार दिला की स्की आपोआप डावीकडे वळायला लागते. मी ढकलत नव्हते. ती कडेवर कलली की तिची बारीक कंबर बर्फात वाकते आणि ती कमानीत जाते. मी कागदावर हजार वेळा वाकवलेली तुळई पायाखाली वाकत होती. डावीकडे जमलं, उजवीकडे जमेना. मग उजवीकडेही जमलं. जेवायच्या आधी मी वरून खाली न पडता आले आणि मॅनेजरच्या समोर येऊन थांबले. तो मगातली कॉफी हलवत राहिला.

नागपूरवाल्याचा जानेवारीचाच पाढा चालला होता. त्याची मेहनत कमी नव्हती, उलट माझ्याहून जास्त. प्रत्येक वळणाला तो दोन्ही लांब फळ्या खांद्यानं, कमरेनं, दात-ओठ खाऊन फिरवायला बघायचा, आणि टोकं एकमेकांवर चढून तो पडायचा.

जेवण झाल्यावर आम्ही अदलाबदल केली. बूट तेच, फक्त खालची स्की बदलली. मॅनेजर म्हणाला, "आता तुला वळता येतं. बघू."

मी जुन्यांवर उभी राहिले. भार दिला. काही झालं नाही. आणखी भार दिला. स्की सरळच निघाली, आणि वेग घेऊ लागली. सकाळी मला येत होतं ते सगळं मी केलं आणि त्यातलं काहीही तिला ऐकू गेलं नाही. शेवटी मी स्वतःला बाजूला लोटून दिलं. पडले तेव्हा दोन्ही खटके सुटले, तेवढं माझं काम चोख होतं. मी उठून परत गेले, कारण एकदा पडल्यानं काही सिद्ध होत नाही. दुपारभर गेले. वळण येत होतं ते पिळून काढल्यासारखं, आणि ते डोक्यानं नाही तर मांड्यांनी.

तिसऱ्या की चौथ्या खेपेला मी जाळीपाशी बसलेली असताना वरून नागपूरवाला येताना दिसला. तो उभा होता. डावीकडे गेला, वाट बघितली, उजवीकडे वळला. तोंड उघडं होतं त्याचं. माझ्याजवळून गेला, खाली जाऊन थांबला आणि पायांकडे बघत राहिला.

मी खाली पोचले. "काय झालं?"

"वळली," तो म्हणाला.

"तू वळवलीस."

"हो." मग म्हणाला, "तू हो बाजूला. मी परत जाऊन राहिलो."

तो दोराकडे गेला आणि मग टेकडी बंद होईपर्यंत आमच्याकडे आला नाही. त्याचे पाय तेच होते.

मॅनेजरनं रिकामा मग बाकावर ठेवला आणि मला म्हणाला, "पण अवघडावर शिकलेला पक्का होतो."

मी म्हटलं, "मी मोठ्यांच्या सायकलवर दांडीखालून पाय घालून शिकले. पक्की झाले. पण आमच्या गल्लीतल्या ज्या मुली पडून घरी गेल्या आणि ज्यांनी पुन्हा सायकलला हात लावला नाही, त्या मोजायला कुणी थांबलं नव्हतं. तुम्हाला पक्के झालेलेच दिसतात, कारण तेच इथं येतात."

हे मी इंग्रजीत बोलले. त्या काळात माझं इंग्रजी घाईत अडखळायचं. त्या दिवशी अडखळलं नाही. ईडन प्रेरीवाली तिच्या बोर्डावर बसून ऐकत होती. ती मराठीत म्हणाली, "ताई, भारी." तिच्या तोंडून इंग्रजीशिवाय पूर्ण झालेलं ते माझ्या ऐकण्यातलं पहिलं वाक्य.

मॅनेजरनं उतारावरच्या नागपूरवाल्याकडे बोट दाखवलं. त्यानं विचारलं, "त्याला सकाळी आणि दुपारी काही वेगळं शिकवलं?"

"काही नाही. तिला विचारा."

"सेम थिंग," ईडन प्रेरीवाली म्हणाली. "पिझ्झा."

त्या आठवड्याच्या शेवटी त्यानं मला मागच्या टेबलापाशी गाठलं आणि जुन्या सगळ्या काढणार असल्याचं सांगितलं. मग खुर्ची ओढून बसला. "किती लांबीच्या, किती घ्यायच्या, ते तू ठरव. कोण येतं, किती वजनाचं येतं, ते माझ्यापेक्षा तुला जास्त माहीत आहे." स्वतःची चूक झाली वगैरे तो म्हणाला नाही आणि मला त्याची गरजही नव्हती. ज्यानं मला हिवाळ्याच्या सुरुवातीला फक्त स्क्रूड्रायव्हरचं विचारलं होतं, तो माझ्यासमोर वही-पेन सरकवून वाट बघत बसला होता.

मी ठरवलं. हनुवटीपर्यंत येणाऱ्या घेतल्याच, पण आपल्याकडच्या बुटक्या, हलक्या मुलींना लागतील अशा आणखी आखूडही घेतल्या. तशा तोवर दुकानात नव्हत्याच. आधीच्या माणसांनी माप घेताना त्या मुली डोळ्यांपुढे आणल्या नव्हत्या. उन्हाळ्यात तळघर तापलेलं असताना मी त्या सगळ्यांवर बाइंडिंग बसवली. छिद्र एकदा चुकलं तर स्की वाया जाते. माझं एकही चुकलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात त्या तळघरातून जे कुणी पहिल्यांदा बर्फावर गेले, ते मी निवडलेल्या आणि मी जोडलेल्या स्कीवरून गेले. त्यात चिनी मुलं होती, केनियाची होती, मिनेसोटाच्या शेतांवरून आलेली होती, ज्यांच्या घरी कुणी कधी स्की केली नव्हती. आपलीही बरीच होती. काही पडली आणि पुन्हा आली नाहीत, तसं होतंच. पण हा आपल्या लोकांचा खेळ नाही, असं काउंटरवर येऊन सांगायला त्या वर्षी कुणाकडे कारण उरलं नाही.

नागपूरवाला इथंच नोकरीला लागला. आता ईडन प्रेरीत आमच्यापासून दोन गल्ल्यांवर राहतो आणि दर हिवाळ्यात बायको-मुलांना घेऊन टेकडीवर जातो. गणपतीच्या जेवणाला नवीन कुणी भेटलं की तो पेढा तोंडात ठेवूनच सांगतो, युनिव्हर्सिटीत नवशिक्यांसाठी नव्या स्की आल्या त्या माझ्यामुळे, मी करून दाखवलं म्हणून. मी ऐकून घेते. त्यानं करून दाखवलं हे खरंच आहे. पण प्रश्न मी विचारला होता, आणि प्रयोग मी मांडला होता, तो चोख मांडला होता.